घर विकलं, आता महालक्ष्म्या कुठं मांडायच्या?

मनीषनगरचा_धाकटा
नमस्कार मंडळी. धागा घरगुती आहे, पण घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर लिहायची सोय राहिली नाही म्हणून इथं लिहून राहिलो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर मार्चमध्ये विकलं. तीन भाऊ एक बहीण आम्ही. मोठा दादा बेसा रोडला, मधला पुण्यात, ताई अमरावतीला आणि मी मनीषनगरला टू बीएचकेत, आई माझ्याकडं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. घर पडायलाच आलं होतं, मागची माडी दोन पावसाळ्यांपासून बंद होती, त्यामुळं विकण्यावरून भांडण नाही झालं आणि पैशावरून पण नाही झालं, खरं सांगतो, लोकांना पटत नाही. झालं ते महालक्ष्म्यांवरून (पुण्याकडं गौरी म्हणतात त्या).

आमच्याकडं उभ्या महालक्ष्म्या, पितळेचे मुखवटे, पणजीच्या वेळचे. कधी महालच्या बाहेर गेल्या नाहीत. कोण पुण्यात कोण अमरावतीत, दिवाळीला कोणी आलं नाही तरी चालते, पण महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे. चाळीस-पंचेचाळीस माणसं राहायचे. आता मधला म्हणते मी पुण्याला नेतो, मोठी वहिनी म्हणते माझे गुडघे पाहा आणि मग बोला, माझी बायको म्हणते आपल्या हॉलमध्ये कोठ्या (मुखवट्यांखालच्या, गहू भरायच्या, पत्र्याच्या) ठेवल्या तर सोफा गॅलरीत जाईल (बरोबरच आहे तिचं), आणि एक चुलतभाऊ तर म्हणाला की एकेक वाटून घ्या, ज्येष्ठा एकाकडं कनिष्ठा एकाकडं. आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पाणी प्यायला उठला तो आलाच नाही परत.

आई स्वतः काही बोलत नाही. बोलली ती एकदाच. १५ मेला आमच्या सोसायटीनं फॅमिली डे ठेवला होता, संध्याकाळी सात वाजता पण अंगातून धारा, हॉलमध्ये दोन मोठे कूलर, मागं बॅनर, सेल्फीची चौकट, बेस्ट फॅमिलीला मिक्सर बक्षीस. सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीनं आईजवळ माइक नेला, म्हणे आजी सुखी कुटुंबाचं सीक्रेट सांगा. आई म्हणाली, "घर विकलं आमचं." आणि माइक परत दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कूलरच्या आवाजात ऐकू आलं नसेल बहुतेक.

तर कोणाकडं असं झालंय का, घर गेल्यावर कुळाचार कुठं नेला, कोणी केला, आणि माणसं येत राहिले का? मला शेवटच्या प्रश्नाचंच टेन्शन आहे जास्त.

तर्रीपोहे_रात्री_पण
टाळ्या वाजवल्या??? बाप्पा रे.

नंदनवनची_काकू
हे बघा भाऊ, आधी मनातून काढून टाका की जागा हलली म्हणजे काही अशुभ होते. आमच्या सासऱ्यांची नोकरी फिरतीची, भंडारा, गोंदिया, बालाघाट, परत नागपूर, जिथं गेले तिथं महालक्ष्म्या ट्रंकेतून गेल्या. एका वर्षी तर क्वार्टर मिळालं नव्हतं तर शेजारच्यांच्या पडवीत मांडल्या. आता आमच्याकडं तिघा भावांत पाळी आहे, दरवर्षी एकाकडं, बाकीचे दोघं सामान आणि हातपाय घेऊन येतात. पाळी लावली की कोणाच्या डोक्यावर कायमचं बसत नाही.

आता व्यवहाराचं. तुमच्या सोसायटीचा तोच हॉल पंगतीसाठी घ्या, त्या दिवशीचं बुकिंग आत्ताच करा कारण त्याच दिवशी आणखी चार घरांना पाहिजे राहील. पुरणपोळ्या बाहेरून सांगा, नागपुरात करून देणाऱ्या बाया भरपूर आहेत, कोणी देवी रुसत नाही. सोळा भाज्या एकत्रच करायच्या राहतात, आदल्या दिवशी चिरून ठेवा. आंबील मात्र घरी. फुलोरा आठ दिवस आधी तळून डब्यात ठेवला तरी चालते, फक्त पोट्ट्यांपासून लपवा.

संशयात्मा
सगळं वाचलं. माझं मत कोणाला आवडणार नाही, लिहितो. १५ मेचा तो फॅमिली डे संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये ठरवला आणि १९९४ हे आंतरराष्ट्रीय कुटुंब वर्ष म्हणून पाळलं. त्यांचा रोख कुटुंबावर पडणाऱ्या ताणांकडं होता, गरिबी, आरोग्य, घरकाम आणि पोरं सांभाळणं कोण करते वगैरे. आपल्याकडं येईपर्यंत त्याचा मिक्सर झाला. ठीक आहे.

पण मला सांगा, तुमच्या महालच्या घरात चाळीस माणसं जेवायचे तर स्वयंपाक कोण करायचं? कुटुंब समाजाचा कणा वगैरे भाषणं मी शाळेपासून ऐकून राहिलो, कोणाच्या कण्यावर ते कोणी सांगत नाही. धागाकर्त्यानं वहिनीच्या गुडघ्याला अर्धी ओळ दिली आणि सोफ्याला पण अर्धीच.

सावलीतली_मोठीसून
संशयात्मा, +१. धाकटे भाऊजी (तुम्हाला भाऊजीच म्हणते, माझा पण एक धाकटा दीर आहे असाच), मी बावीस वर्षं करून राहिले महालक्ष्म्या. पहाटे तीनला आंघोळ, मग सोवळ्यात पुरण. आमच्याकडं पुरण पाट्यावर वाटायचं, मिक्सर मी नवव्या वर्षी भांडून आणला. गॅसजवळ उभं राहून राहून पायाच्या पोटऱ्या अशा व्हायच्या की रात्री झोपताना नवऱ्याला म्हणायचे लाथ मार पण दाबून दे. पहिली पंगत पुरुष आणि पोरं, दुसरी पाहुणे, तिसरी पण पाहुणेच, आणि आम्ही घरच्या बाया साडेचारला बसायचो तेव्हा कढी संपलेली आणि वडे मऊ पडलेले. एका वर्षी आमच्या सासूबाईंनी पहिल्या घाण्याचे सात वडे काढून धान्याच्या डब्यात लपवले होते आमच्यासाठी. देवीच्या आधी. कोणाला सांगू नका म्हणाल्या. त्या गेल्यावर मी पहिल्यांदा सांगून राहिले.

तरी पण विचाराल ना की बंद करायचं का, तर नाही. ते तीन दिवस घरात जो आवाज राहते तो मला पाहिजे. फक्त साडेचारला नको जेवायला.

तर्रीपोहे_रात्री_पण
ते सात वडे. मी रडलो बे हापिसात.

वकीलबाई
एक प्रश्न धागाकर्त्याला. घर विकताना अमरावतीच्या ताईची रजिस्ट्रीला सही घेतली ना? घेतलीच असणार, नाहीतर व्यवहारच झाला नसता. वडील मृत्युपत्र न करता गेले तर आई, मुलगे, मुली सगळे सारखे वारस, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला (तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या), देशभर तो २००५ मध्ये आला, आणि २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असायला पाहिजेत का यावरचा घोळ सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये संपवला, नसले तरी हक्क आहेच.

म्हणजे सहीपुरती ताई घरची. मग महालक्ष्म्या कुठं मांडायच्या याच्या चर्चेत तिचं नाव का नाही? तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये दादा काय म्हणाला, मधला काय म्हणाला, वहिनी, बायको, चुलतभाऊसुद्धा काय म्हणाला ते आहे. ताई काय म्हणाली?

मनीषनगरचा_धाकटा
ताईला विचारलंच नाही कोणी. लेक सासरी गेली की तिच्या सासरच्या महालक्ष्म्या, असंच डोक्यात होतं. आज फोन लावतो.

कूलरचं_पाणी
अवांतर: लावा आणि इथं येऊन सांगा, धागा अर्धवट सोडणाऱ्यांचा इतिहास वाईट आहे या फोरमवर.

निळी_पहाट
आमच्याकडं महालक्ष्म्या नसतात, पण धागा माझाच वाटला म्हणून लिहिते. आमचं घर दीक्षाभूमीपासून पायी पंधरा मिनिटांवर. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा दिली तेव्हा आजोबा गर्दीत होते, वीस-बावीसचे असतील. तेव्हापासून दर दसऱ्याला आमच्या घरी यवतमाळ, चंद्रपूर, वणी इकडचे सगळे नातेवाईक उतरतात. दोन खोल्या आणि अंगण, त्यात पस्तीस माणसं. आजी आदल्या दिवशी अंगणात चूल मांडायची, मोठ्या गंजात वरण, दुसऱ्यात भात, वांग्याची भाजी. चपला इतक्या राहायच्या की आम्ही पोट्टे त्या जोड्यानं लावायचं काम एक रुपयात करायचो, आणि एकदा मुद्दाम सगळ्या अदलाबदल करून ठेवल्या तर मोठे बाबा दीक्षाभूमीपर्यंत दोन वेगवेगळ्या चपला घालून गेले.

आजी गेल्यावर आम्हाला पण हेच वाटलं होतं की आता कोण येते. पहिल्या वर्षी निम्मेच आले. मग माझ्या आत्यानं सगळ्यांना एकेकटा फोन केला, ग्रुपवर मेसेज नाही, फोन. दुसऱ्या वर्षी अंगण पुरलं नाही. माणसं घरासाठी येत नव्हते, बोलावणाऱ्या बाईसाठी येत होते हे आम्हाला आजी गेल्यावर कळलं. तुमच्याकडं बोलावणारी कोण आहे ते आधी पाहा.

नंदनवनची_काकू
अगदी. ग्रुपवर टाकलेलं आमंत्रण म्हणजे भिंतीवरचं पोस्टर. फोनच.

मूळचा_नागपूरचा
पुण्यातून. मधल्या भावाची बाजू कोणीच घेऊन नाही राहिलं म्हणून मी घेतो. पुण्याला नेतो म्हणणारा माणूस हिसकावून नाही राहिला हो. इथं तीन दिवसांची सुट्टी काढून, रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढून, ते वेटिंगवर राहून, शेवटी बसनं रात्रभर येणं आणि तिथं गेल्यावर सगळे म्हणणार पाहुणा आला. मला स्वतःच्या घरात पाहुणा म्हणवून घ्यायचा कंटाळा आला आहे. एकदा तरी माझ्या दारात "कोण आली, महालक्ष्मी आली, कशाच्या पायानं आली, सोन्याच्या पायानं आली" म्हणावं वाटते. पुण्यात तर बहुतेक सगळे गौरीच म्हणतात, तिथून समजावणं सुरू.

अंबाझरीलेआउट_तळमजला
उशिरा आलो धाग्यावर. माझं ऐका.

२०२३. २२ सप्टेंबरला आमच्याकडं महालक्ष्म्यांचं जेवण झालं. रात्री घरात सोळा माणसं झोपलेले, गाद्या हॉलभर, दोघं तर देव्हाऱ्याच्या खोलीत. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला, असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. नागपूरवाल्यांना सांगायला नको, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीनं रस्ते सोडले नाहीत. आम्हाला कळलं ते माझ्या भाच्यामुळं, तो खाली गादीवर होता, म्हणाला मामा गादी ओली आहे, आणि सगळे त्याला हसले की तूच केली असशील. लाइट लावायला गेलो तर पाय घोट्यापर्यंत पाण्यात.

पंधरा मिनिटांत गुडघ्यापर्यंत. आजी अंथरुणाला खिळलेली, ८८ वर्षांची. मी, दोन जावई आणि शेजारचा पोरगा, चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं वर नेलं पहिल्या मजल्यावरच्यांकडं. आजी वर जाता जाता ओरडून राहिली, मला सोडा, आधी त्यायले उचला. आमच्या वहिनीनं दोन्ही मुखवटे पदरात गुंडाळले आणि तशीच वर आली. कोठ्या तिथंच राहिल्या, आतला गहू भिजून फुगला, पत्र्याच्या शिवणी उसवल्या. फ्रिज तरंगत दारात अडकला.

आता हिशेब करा. एरवी त्या घरात आम्ही तीन माणसं राहतो, मी, बायको, आजी. ती रात्र महालक्ष्म्यांची नसती तर आजीला खुर्चीत घालून उचलायला चार माणसं कुठून आणले असते? आसपासच्या वस्त्यांत ज्यांच्या घरी एकटे म्हातारे होते त्यांच्याबद्दल नंतर जे ऐकलं ते इथं लिहित नाही.

सकाळी वरच्यांच्या घरात दोन कुटुंबं मिळून वीसेक जण, दूध नाही, लाइट नाही, पाणी भरपूर पण प्यायचं नाही. पुरणपोळ्यांचा डबा सासूबाईंनी आलमारीच्या माथ्यावर ठेवला होता तो वाचला. दिवसभर त्याच खाल्ल्या. विसर्जनाची आरती गच्चीवर, मुखवटे प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवून. तेव्हापासून वरचे दरवर्षी आमच्या पंगतीला असतात, ते शीख आहेत, आंबिलीला ते लस्सी म्हणतात.

तर भाऊ, जागेचा विचार करू नका. स्टूल पण चालते.

संशयात्मा
यावर मी काही बोलत नाही. फक्त मुखवटे वहिनीनंच उचलले याची नोंद घेतो.

अंबाझरीलेआउट_तळमजला
घ्या. बरोबर आहे.

एक_लेक
धागाकर्त्याच्या आईबद्दल कोणीच का नाही लिहिलं? बाबा गेल्यावर माझ्या आईला पहिल्याच वर्षी आमच्या मोठ्या आईनं सांगितलं की तू स्वयंपाकाकडं पाहा, देवीजवळ सवाष्णी पाहतील. गोड बोलूनच सांगितलं. त्याच्या आधी तीस वर्षं मुखवटे चिंचेनं घासायचं, काजळ भरायचं, साड्यांच्या निऱ्या पाडायचं काम आईचं होतं, तिच्यासारख्या निऱ्या कोणाला जमत नाहीत. त्या वर्षी निऱ्या वाकड्या पडल्या आणि ती स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. कुटुंब एकत्र आलं म्हणून फोटो काढला त्यात आई नाही, ती कढीला फोडणी देत होती.

तुमची आई बोलत नाही म्हणता. मागच्या वर्षी ती कुठं उभी होती ते आठवा.

मनीषनगरचा_धाकटा
रात्रभर आठवत होतो. मागच्या वर्षी आई मागच्या अंगणात नारळ सोलत होती. मला वाटलं होतं तिला तिथं वारा लागते म्हणून बसली.

ताईशी बोललो. म्हणाली मी वाटच पाहत होते कोणी विचारते का. तिचं म्हणणं यंदा तुझ्याकडं मांडा, मी आठ दिवस आधी येते.

कूलरचं_पाणी
धागा वर काढतो. पोळा झाला, मारबत निघाली, आमच्या पोट्ट्यानं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल फिरवून दीडशे रुपये बोजारा कमावला आणि इथं काहीच खबर नाही. मारबतीच्या मागं ओरडताना तुमची आठवण आली होती, भावाभावातली भांडणं घेऊन जाय गे मारबत!

मनीषनगरचा_धाकटा
खबर आहे, झोप काढून आलो. कालच विसर्जन झालं.

आमच्याकडंच मांडल्या. सोफा गॅलरीत गेला, त्यावर तीन दिवस मधल्या दादाची पोरं झोपली. ताई खरंच आठ दिवस आधी आली आणि आल्या आल्या आईसमोर परात, चिंच आणि दोन्ही मुखवटे ठेवले. आई म्हणाली, अगं मी कशी. ताई म्हणाली मला नाही जमत, नाकाजवळचं काळं निघत नाही माझ्यानं. (जमते तिला. घरी तीच करते.) आईनं पदर खोचला आणि पाऊण तास घासत बसली, कनिष्ठेच्या हनुवटीवर एक पोचा आहे, मी लहानपणी पाडला होता तो, तिथं बोट फिरवून म्हणाली हा तुझा.

मोठी वहिनी हॉलमध्ये खुर्चीवर बसून फक्त हुकूम देत होती, ते तिला मस्त जमते. पोळ्या बाहेरून आणल्या. पहिल्या पंगतीत बाया बसल्या, आम्ही तिघं भाऊ वाढायला. मी वरण वाढताना काकूंच्या साडीवर सांडलं आणि दादानं भात संपवला म्हणजे नंतरच्या पंगतीला कुकर लावावा लागला, पाऊण तास लोक नुसते गप्पा मारत बसले. एका आत्यांना हे आवडलं नाही, देवीजवळ आई दिसली तेव्हाही त्यांचं तोंड वाकडं होतं, जेवून लवकर गेल्या. जाऊ द्या. म्हणजे, लागलं आईला. दोनदा विचारलं तिनं की आत्या काय म्हणाल्या.

माणसं बत्तीस आले. पंचेचाळीस नाही. फोन आईनंच केले, डायरी घेऊन, एका दिवशी चार. महालच्या शेजारचे दोघं मेट्रोनं आले, म्हणे एवढ्या लांब कोणी राहते का. पुढच्या वर्षी पुण्याला, मधल्याकडं. आई म्हणाली मी विमानानं येईन, मुखवटे मांडीवर घेऊन.

काल कोठ्यांमधले गहू चार पिशव्यांत भरले, चौघांना. ताईची पिशवी आईनं भरली.

सावलीतली_मोठीसून
पहिल्या पंगतीत बाया! वडे गरम होते का?

मनीषनगरचा_धाकटा
गरम होते. वहिनीनं नऊ खाल्ले, मी मोजले.

नंदनवनची_काकू
छान झालं हो. आंबिलीचं सांगा, तुमच्याकडं ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवतात की ऐन वेळी? आमच्या सुनेची यंदा फारच आंबट झाली.

मनीषनगरचा_धाकटा
आईला विचारलं. म्हणते रात्रभरच, पण ताक गोड पाहिजे, आणि शिजल्यावर वरून खोबरं अन् सांबार (कोथिंबीर) घालायचा, आधी नाही. आणि विचारून राहिली की ह्या काकू नंदनवनात कुठं राहतात, नंबर घे म्हणते, पुढच्या वर्षी फोन करायचा आहे.